‘लाइफटाइम लायसन्स’ घेताना आम्ही फसलो, तुम्ही फसू नका

मी सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एचआर सांभाळते. पत्र्याचे पार्ट दाबणारं प्रेस शॉप आहे आमचं. कामगारांसाठी मराठीत ट्रेनिंग बनवायला सॉफ्टवेअर घेताना आमचे १,१८,००० रुपये गेले. पैशांपेक्षा मोठं जे गेलं ते पुढे लिहिते. आपल्या भागात बरेच छोटे कारखाने आता असं ट्रेनिंग करायला लागलेत, म्हणून सगळं उघड सांगते आहे.

गेल्या वर्षी एका बोटाच्या अपघातानंतर मालकांनी ठरवलं, की नुसती भाषणं बास झाली. मोबाइलवर बघता येईल, मध्येच प्रश्न येतील, उत्तर चुकलं तर पुन्हा मागे नेईल, असं काहीतरी हवं. चौकशी सुरू केली आणि आठवड्यात एक विक्रेता आला. एका नामांकित परदेशी सॉफ्टवेअरचे आम्ही अधिकृत भागीदार, असं त्याने सांगितलं आणि तसं पत्रही दाखवलं. त्याच्या लॅपटॉपवरचा डेमो फार सुंदर होता. हेल्मेट बोटाने ओढून माणसाच्या डोक्यावर ठेवायचं, चुकलं तर मराठीत आवाज यायचा. आम्ही सगळे हरखलो. मी त्याला एकदाही म्हटलं नाही, की आता आमच्या लॅपटॉपवर, आमचा मजकूर टाकून दाखवा.

आमच्या सूचना श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. त्या नंतर पेस्ट केल्या तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तो म्हणाला, त्यासाठी ‘मराठी फॉन्ट पॅक’ घ्यावा लागेल, १५,००० रुपये. ‘लाइफटाइम लायसन्स’चे ८५,००० आधीच ठरले होते. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून रक्कम एनईएफटीने पाठवली. तो फॉन्ट पॅक म्हणजे नोटो सान्स देवनागरी होता. इंटरनेटवर तो कुणालाही फुकट मिळतो. आणि फॉन्ट बदलून श्रीलिपीतला मजकूर सुधारत नाही, तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, बदलून घ्यावा लागतो. शेवटी मी तीन रात्री बसून सगळं पुन्हा टाइप केलं.

तरी काम जोरात सुरू झालं. आमच्याकडे प्रेसवर बत्तीस वर्षं काढलेले तात्या होते, महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. दुपारच्या सुट्टीत मशीनशेजारी उभं करून त्यांचा आवाज फोनवर घेतला. ‘‘मोटर बंद केली म्हंजे प्रेस थांबला असं न्हाई. फ्लायव्हील फिरतंय अजून. ते पुरतं थांबू दे, मेनला कुलूप लाव, किल्ली आपल्या खिशात, मगच डायमध्ये हात.’’ मागे क्रेनचा आवाज, मध्येच त्यांचा खोकला. तो तुकडा कोर्समध्ये टाकला, आणि फोन भरला म्हणून मूळ रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं. माझी सगळ्यात मोठी चूक ही.

एकतिसाव्या दिवशी सकाळी लॉगिन केलं तर चाचणीची मुदत संपल्याची सूचना. विक्रेता म्हणाला, ‘‘मॅडम, अॅक्टिव्हेशनचा थोडा घोळ आहे, दोन दिवसांत होतंय.’’ दोनाचे दहा झाले. मग चौदा तारखेनंतर आमचे अकाउंटंट आले, ‘‘ताई, ते सॉफ्टवेअरचं बिल टू-बीमध्ये दिसत नाही.’’ टू-बी म्हणजे विक्रेत्यांनी जीएसटीत दाखवलेल्या बिलांची आपल्याला मिळणारी यादी. जीएसटी पोर्टलवर बिलावरचा विक्रेत्याचा जीएसटी नंबर टाकला. नोंदणी रद्द! हे तपासायला लॉगिनसुद्धा लागत नाही, दोन मिनिटांचं काम. पैसे देण्याआधी आम्ही ते केलं नव्हतं. त्या संध्याकाळपासून त्याचा फोन बंद आहे.

मूळ कंपनीला मेल केला तेव्हा उलगडा झाला. खातं ३० दिवसांच्या मोफत चाचणीचं, तेही विक्रेत्याच्या ईमेलवर उघडलेलं. या नावाचा भागीदार त्यांच्याकडे नाही. कायमचं लायसन्स ते विकतच नाहीत, फक्त वर्षाची वर्गणी. खातं आमच्या नावाचं नसल्याने आतला कोर्सही आम्हाला देता येत नव्हता. तात्यांचा आवाज तिथेच अडकला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, सायबर पोर्टलवरही नोंदवली. पण तिथे वेळेला किंमत असते. लगेच कळवलं तर पैसे खात्यात गोठवता येतात, आम्ही दीड महिन्याने पोहोचलो. ग्राहक न्यायालयाचं विचारलं तर वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला तो कायदा सहसा लागू होत नाही, अवघड आहे.

तुम्ही घेणार असाल तर लायसन्स मूळ कंपनीच्या साइटवरून, आपल्या कंपनीच्या ईमेलवर घ्या. विक्रेत्यामार्फतच घ्यायचं असेल तर त्याचं नाव मूळ कंपनीला विचारा, उत्तर येईपर्यंत एक रुपया देऊ नका. आणि ‘स्कॉर्म चालतं’ एवढ्यावर विसंबू नका. कोर्स कोणी उघडला, किती गुण पडले, पूर्ण झाला का, हे कोर्सने ट्रेनिंगच्या प्रणालीला कळवायची ती पद्धत आहे, आणि तिच्याही आवृत्त्या आहेत. मूडल हे ट्रेनिंग चालवायचं सॉफ्टवेअर स्कॉर्म १.२ नीट चालवतं, २००४ ची आवृत्ती पूर्णपणे चालवत नाही. म्हणून एक छोटा मराठी कोर्स बनवून तो आपल्याच प्रणालीवर, एखाद्या ऑपरेटरच्या साध्या फोनवर चालवून बघा. गुण नोंदले गेले तरच पुढचं बोला.

आम्ही आता मूडल आणि असे प्रश्न-खेळ बनवायचं एचफाइव्हपी हे साधन वापरतो. दोन्ही मोफत आहेत, सर्व्हरचा खर्च तेवढा येतो. ओढून ठेवायचे प्रश्न, व्हिडिओ मध्येच थांबवून विचारलेले प्रश्न, सगळं त्यात होतं. दिसायला त्या डेमोइतकं देखणं नाही, पण मराठी नीट उमटतं आणि कोर्सच्या फाइली आमच्या ताब्यात आहेत.

गेल्या महिन्यात बुधगावला तात्यांच्या घरी गेले आणि झालेलं सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, म्हणाले, ‘‘पुन्यांदा सांगतो की, त्यात काय?’’ ओसरीवर बसून त्यांनी फ्लायव्हीलपासून किल्लीपर्यंत परत सगळं सांगितलं. या वेळी मागे क्रेन नव्हती, अंगणातल्या कोंबड्या होत्या. तिथून उठायच्या आधीच मी ती फाइल लॅपटॉपवर आणि पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली, आणि एक प्रत तात्यांच्या नातवाच्या फोनमध्ये ठेवली.