कविता वाचणारा फोनमधला आवाज : मुक्तछंदाला चालेल, वृत्ताला नको

फोनमधला मराठी वाचक आवाज बातमी किंवा धडा बरा वाचतो. कविता मात्र आधी बांधून द्यावी लागते. ओळीतली यती, म्हणजे वृत्तात थांबायची ठरलेली जागा, त्याला कळत नाही, त्याला कळतात फक्त विरामचिन्हं.

मंदाक्रांता वृत्तातली ही ओळ घ्या: ‘आभाळाला बघत बसलो सांजवेळी किनारी’. १७ अक्षरं, यती चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर. आवाज ती एका दमात ओढून नेतो. दोन स्वल्पविराम टाकले की थांबतो, पण जरा जास्तच, यादी वाचल्यासारखा. विराम मिलिसेकंदांत देण्याची सोय असेल तर स्वल्पविराम काढून पहिल्या यतीला १५०, दुसरीला २५० पासून सुरुवात करा. पुढचं कानाने ठरवा.

खरी गोची निराळीच आहे. गद्याच्या सवयीने आवाज शब्दातला अकार खातो. ‘बघत बसलो’चं ‘बघत् बस्‌लो’ होतं, म्हणजे सहाची चार अक्षरं. ‘सांजवेळी’तलं एक जातं. १७ची उरली १४! यती अगदी मोजून जागेवर बसवली तरी ती लंगड्या ओळीत बसते. याला चिन्हांचा उपाय नाही, म्हणून गणवृत्तासाठी (जिथे लघु-गुरू अक्षरांचा क्रम ठरलेला असतो) हा आवाज वापरू नये.

मुक्तछंदात तोच आवाज कामाचा ठरतो. ‘दार लोटले नाही वाऱ्याने’ ही ओळ दोनदा टाइप करा. ‘नाही’नंतर स्वल्पविराम दिला तर वारा पडलेला, दार जागच्या जागी. ‘लोटले’नंतर दिला तर दार लोटलं गेलंय, फक्त वाऱ्याने नाही, म्हणजे कोणीतरी आलंय. शब्द तेच, क्रम तोच. आवाज भावनेची भर घालत नाही, त्यामुळे अर्थ विरामानेच फिरला हे स्वच्छ ऐकू येतं. स्वतःची कविता तपासायला याहून सोपं साधन नाही. (नाटकी वाचणारा मित्र इथे उलट फसवतो.)

ओळ जिथे मोडली तिथे काही आवाज पूर्णविरामासारखा सूर खाली टाकतात. वाक्य पुढच्या ओळीत वाहत असेल तर त्या दोन ओळी सलग टाइप करून द्या.

मोठ्या अभंगाच्या ६-६-६-४ अक्षरांच्या चार चरणांमध्ये तिसऱ्या चरणानंतर स्वल्पविराम, चौथ्यानंतर दंड (।) द्यावा. दंड चालला नाही तर पूर्णविराम. चौथा चरण आखूड, त्यानंतरचा थांबा थोडा लांबच हवा; तेवढा हा आवाज देतो.