उपनगरातला रस्ता: दाबलेली खडी की लाकडी ठोकळे?

1880 च्या दशकातलं लंडनचं उपनगर धरू, कॅम्बरवेल किंवा लुईशम. 1855 च्या महानगर व्यवस्थापन कायद्याने रस्ते व्हेस्ट्रीच्या (म्हणजे पॅरिशच्या स्थानिक कारभारी मंडळाच्या) किंवा जिल्हा मंडळाच्या ताब्यात आलेले. नव्या गल्लीच्या पहिल्या बांधणीचा खर्च लगतच्या घरमालकांच्या माथी मारता येई. पुढची देखभाल मात्र कायमची करदात्यांच्या पैशातून. म्हणून सर्वेअरच्या, म्हणजे रस्ते सांभाळणाऱ्या अभियंत्याच्या, खुर्चीत बसून विचार करायचा तो पहिल्या दिवसाचा नाही, दहाव्या वर्षाचा. ग्रॅनाइटची फरसबंदी इथे बाजूला ठेवतो. ती टिकते, पण चाकांच्या खडखडाटात घरात बोलणं मुश्कील.

खडीचा रस्ता, म्हणजे आपला डब्ल्यूबीएम (पाणी मारून दाबलेला मॅकॅडम), नीट केला तर बराच चांगला. खडी गर्न्सीच्या ग्रॅनाइटची, दोन इंची कडीतून जाईल अशी. नुसत्या चकमकीच्या दगडावर स्वस्तात भागतं, पण तो लवकर भरडला जातो. काम पावसाळी शरद ऋतूत घ्यावं. उन्हाळ्यात टाकलेली खडी जमत नाही, चाकाखाली नुसती घोळते. जुना पृष्ठभाग टिकावाने इंच-दीड इंच उकरायचा, नाहीतर नवा थर पापुद्र्यासारखा सुटतो. वर तीन-चार इंच खडी पसरून वाफेचा रोलर कडेकडून मध्याकडे आणायचा, आणि तोही आधी कोरडाच. खडी एकमेकींत अडकून हलेनाशी झाली की मगच पाणी आणि बारीक रेती-मुरूम. घाई इथेच नडते. मुरूम आधी पडला तर दगड मातीत तरंगतात, रोलरखाली रस्ता गुळगुळीत दिसतो आणि पहिल्या मोठ्या पावसात त्याचा रबरबाट होतो. (ही चूक आपल्याकडेही अजून जोमात आहे.)

दोष उघड आहे: राड. हिवाळ्यात खरवडून गाड्या भरायच्या, उन्हाळ्यात धुळीवर पाण्याची गाडी फिरवायची. खरवडून नेता तो चिखल म्हणजे घोड्यांची लीद आणि तुम्हीच विकत घेतलेली खडी. ज्याच्या नावाने हा रस्ता ओळखला जातो त्या खुद्द मॅकॅडमला खडीत मातीबिती मिसळणं मान्यच नव्हतं.

लाकडी रस्त्यावर चालणं मात्र सुख. सहा इंच पोर्टलंड सिमेंटचं काँक्रीट, त्यावर क्रिओसोट (लाकूड कुजू न देणारं तेल) पाजलेले देवदारी ठोकळे, साधारण नऊ इंच लांब, तीन रुंद, पाच-सहा खोल, लाकडाच्या रेषा (तंतू) उभ्या ठेवून. वर बारीक वाळू टाकली की घोड्यांचे नाल ती ठोकून बसवतात. आवाज जवळजवळ नाही. लंडन शहरात 1873 मध्ये विल्यम हेवूड यांनी घोडे घसरण्याची मोजदाद करवली, त्यात ग्रॅनाइटवर सरासरी 132 मैलांमागे एक घोडा पडला, डांबरी फरसावर 191 मैलांमागे. लाकूड दोन्हींपेक्षा बरंच सरस ठरलं. खर्च खडीच्या कितीतरी पट, मऊ लाकूड सात-दहा वर्षांत संपतं, उन्हाळ्यात मूत्राचा वास येतो, हेही आहेच. तरी एवढ्यावरून मी लाकूड नाकारलं नसतं.

मला अडवतो तो चर. वाढत्या उपनगरात आज गॅस कंपनी खणते, उद्या पाण्याची, परवा नव्या घराची मोरी जोडायची. खडीत चर बुजवणं सोपं: थराथराने माती ठोकून भरायची, वर खडी, दोन महिन्यांनी बसली की आणखी एक पाटी. लाकडी रस्त्यात मात्र काँक्रीट फोडावं लागतं. भराव नीट ठोकला नाही तर नव्या काँक्रीटखाली पोकळी राहते. काँक्रीट घट्ट व्हायला आठवडा, तोवर अर्धा रस्ता बंद. शिवाय शेजारचे ठोकळे झिजून साडेचार इंचांवर आलेले आणि नवे पूर्ण सहा इंचांचे. त्या उंचवट्यावर प्रत्येक चाक आदळतं आणि कडेचे ठोकळे आधी फुटतात. खर्च कंपनीकडून वसूल होतो, हे खरं. पायरी तिथेच राहते. हाच प्रश्न खडी की पेव्हर ब्लॉक असा मलाही सोडवावा लागला आहे, आणि चरावर बसलेले ब्लॉक पाहून मी खडीकडे झुकलो. माप घेतलेलं नाही, पण डोळ्यांना पुरेसं दिसलं.

ज्यांची रहदारी जड आणि जमिनीखालच्या नळांचं काम संपलेलं, त्यांचा हिशेब वेगळा निघू शकेल. उपनगरात मी गल्ल्यांना दाबलेली खडीच देईन आणि लाकूड फक्त रुग्णालय, शाळा, चर्चसमोरच्या पट्ट्यापुरतं. तिथेही दगडी कडेलगत इंच-दोन इंच फट सोडून ती चिकणमातीने भरावी. लाकूड पाण्याने फुगलं की वाट काढतंच, आणि वाट नसली तर कडेचे दगड पदपथाकडे लोटतं. उखडलेले जुने ठोकळे जाळायला विकू नयेत. पुढच्या चरावर झिजलेल्या शेजाऱ्यांच्या उंचीला तेच जुळतात.