लेट्यूस लावायचा की आपली कच्ची खायची पानं? कुंडीत काय लावावं याची तुलना

गच्चीवर किंवा बाल्कनीत पाच-सहा कुंड्या मोकळ्या आहेत आणि घरचं सॅलड खायची इच्छा आहे, तर पहिला प्रश्न हाच येतो: लेट्यूस, रॉकेट यांसारखी बाहेरची पानं लावायची, की घोळ, करडई, हालीव अशी आपल्याकडची? माझं मत आधीच सांगते. थंडीत दोन्ही लावा, पण लेट्यूसमधला एकच प्रकार निवडा. होळीनंतर मात्र लेट्यूसचा नाद पूर्ण सोडा. नर्सरीवाले एप्रिलमध्येही त्याची रोपं विकतात, तरीही.

निवड चवीवर नाही, महिन्यावर ठरते

लेट्यूसचं बी १५ ते २० अंश तापमानात छान उगवतं. माती तीसच्या आसपास गेली की बी जिवंत असूनही झोपून राहतं आणि आपण दुकानदाराला दोष देत बसतो. रोप उगवलं तरी गरमी वाढताच मधला दांडा उंच होऊ लागतो, कांद्याला डेंगळे येतात तसा. पानांमधलं अंतर वाढलं आणि दांडा दिसू लागला की पान कडू झालंच म्हणून समजा. खालचं पान मोडून पाहा, पांढरा चीक येतो. हा चीक लेट्यूसच्या जातीतच आहे, पण उन्हाळा जवळ येतो तसा तो दाटतो आणि कडवटपणा त्यातूनच येतो. मग कितीही पाणी घाला, चव परत येत नाही.

त्यामुळे पुणे, नाशिक, सातारा भागात पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबर अखेरपर्यंत करावी, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत पानं मिळतात. मुंबई, कोकण आणि गोव्यात जानेवारीतही दुपारी पारा तीसच्या वर जातो, म्हणून तिथे नोव्हेंबर-डिसेंबर एवढीच संधी आहे, तीही सकाळचं ऊन मिळणाऱ्या आणि दुपारी सावली असलेल्या जागी. नागपूरकडे थंडी चांगली पडते, पण फेब्रुवारी सरता सरता ऊन एकदम तापतं, म्हणून उशिरा पेरण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात लेट्यूस कुठेच नको. सतत ओलं राहून बुंधा सडतो आणि उरलेलं गोगलगायी संपवतात.

लेट्यूसमध्ये कोणता?

बर्गरमध्ये असतो तो गड्ड्याचा आइसबर्ग लावायचा मोह बऱ्याच जणांना होतो. लावू नका. त्याला ७५ ते ८५ दिवस सलग गार हवा लागते, एका रोपाला फूटभर जागा लागते आणि एवढं करून गड्डा एकदाच कापायला मिळतो. मैदानी भागात तो अनेकदा घट्ट बांधलाच जात नाही, नुसती सैल पानं मिळतात. बाजारात सहज मिळणारी आणि चवीला सगळ्यांत फिकी गोष्ट घरी एवढ्या कष्टाने का पिकवायची?

सुट्ट्या पानांचा लेट्यूस हाच कुंडीतला खरा प्रकार. हिरवा कुरळा किंवा लालसर लोलो रोसो, कोणताही चालेल. महिन्याभरात बाहेरची पानं खुडता येतात, मधला कोंब ठेवला की तेच रोप आणखी तीन-चार खुडण्या देतं. लाल जातींचा रंग गार रात्री आणि भरपूर उजेड असेल तरच गडद होतो. पुण्यात तो छान येतो, मुंबईत फिकट राहतो. उभ्या, लांब पानांचा रोमेन दोन महिन्यांच्या पुढे जातो, पण त्याची मधली शीर कुरकुरीत असते आणि गरमी तो थोडी जास्त सोसतो. मुंबईकरांनी दोन कुंड्या रोमेनला द्याव्यात. मऊ पानांचा बटरहेड खायला सुंदर, पण नाजूक. मावा या बारीक, रस शोषणाऱ्या किडीचा तो फार लाडका.

कुंडी सहा ते आठ इंच खोल पुरते, कारण मुळं वरच्या वरच पसरतात. म्हणूनच वरची माती सुकली की रोप लगेच मान टाकतं, आणि असा ताण दोन-चारदा बसला की दांडाही लवकर येतो. बी मातीत खोल गाडू नका, त्याला उगवायला उजेड लागतो. ओल्या मातीवर पसरा, वर नावापुरतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भुरभुरा. हवा अजून गरम असेल तर ओल्या कापडात बी गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि बारीक पांढरा मोड दिसताच पेरा. एका ग्रॅममध्ये आठशे ते हजार बिया असतात. पाकीट एकदम रिकामं करू नका, दर पंधरवड्याला चिमूटभर पेरा. नाहीतर एका आठवड्यात खाऊन संपणार नाही एवढं येतं आणि पुढच्या आठवड्यात काहीच नसतं.

रॉकेट आणि हालीव

दोन्ही मोहरीच्या कुळातली, दोन्ही तिखट. रॉकेट, म्हणजे अरुगुला, हीच वनस्पती राजस्थान-हरियाणात तारामिरा म्हणून तेलासाठी पिकते. म्हणजे हे काही अगदी परकं पान नाही आणि आपल्या हवेत ते लेट्यूसपेक्षा सोपं जातं. तीन ते पाच दिवसांत उगवतं, महिन्याभरात कापणी सुरू. गरमी वाढली की तेही फुलावर येतं आणि तिखटपणा नाकात जातो, पण त्याची फुलंही खाता येतात, आणि दोन रोपं शेंगा धरेपर्यंत ठेवली तर पुढच्या वर्षीचं बी घरचंच. पानांवर बारीक भोकं दिसली तर उड्या मारणारे छोटे भुंगेरे आलेत. पेरल्यापासून कुंडीवर जाळी टाकणं हाच सोपा उपाय.

हालीव, म्हणजेच अळीव, बाळंतिणीच्या लाडवांपुरतं आपल्याला माहीत असतं. युरोपात मात्र त्याचा कोवळा पाला वर्षानुवर्षं सॅलडमध्ये आणि ब्रेडवर घातला जातो. किराणा दुकानातलं साधं हालीव घ्या. पसरट डब्यात ओलं कोकोपीट किंवा ओलं सुती कापड अंथरून त्यावर बी विखुरा. भिजत घालू नका, कारण पाणी लागताच प्रत्येक दाण्याभोवती चिकट आवरण तयार होतं आणि सगळ्याचा गोळा होतो. दहा-बारा दिवसांत बोटभर उंचीचा पाला कात्रीने कापता येतो. ज्यांच्याकडे फक्त खिडकी आहे, ऊन नाही, त्यांनी बाकी काही न वाचता हालीव पेरावं. एक खबरदारी: असा बालपाला खायचा असेल तर बियाणांच्या दुकानातलं गुलाबी किंवा निळा लेप असलेलं बी वापरू नका, त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं.

आपली कच्ची पानं

मला सगळ्यांत जास्त कळकळ आहे ती यांच्याबद्दल. रॉकेटसाठी आपण पैसे मोजतो आणि शेतातली करडई विसरतो. मराठवाडा, सोलापूरकडे करडईचा कोवळा पाला बारीक चिरून, दाण्याचं कूट, मीठ आणि कच्चं तेल घालून भाकरीबरोबर खातात. कुंडीत दाट पेरा आणि रोप वीतभर असतानाच उपटा, पुढे पानांच्या कडांना काटे धरतात. पाथरी तर लेट्यूसच्याच कुळातली, तसाच चीक, तसाच किंचित कडवटपणा. तिचं बी बाजारात सहसा मिळत नाही, शेताच्या बांधावरून ओळखीच्या माणसाबरोबर जाऊन आणावी लागते.

उन्हाळ्यात तुलनाच उरत नाही, घोळ एकटाच जिंकतो. भाजीवालीकडच्या जुडीतली जाड काडी मातीत खोचली तरी रुजते. एप्रिलच्या उन्हात त्याची गुबगुबीत पानं आणखी तरारतात. रात्रीतून पानात आम्ल साठतं आणि दिवसा उजेडात ते खर्ची पडतं, म्हणून सकाळी खुडलेला घोळ जास्त आंबट, संध्याकाळचा मवाळ. दही, दाण्याचं कूट, हिरवी मिरची घालून त्याची कोशिंबीर करा. मात्र घोळासारखी दिसणारी दुधी नावाची तणं कुंडीत हमखास उगवतात. काडी मोडा: घोळातून स्वच्छ पाणी येतं, दुधीतून पांढरा चीक. चिकाचं ते उपटून टाका.

आंबट चुक्याची कोवळी पानं लेट्यूसमध्ये मिसळली की लिंबू पिळायची गरज राहत नाही. घोळ आणि चुका या दोन्हींत ऑक्झॅलेट बरंच असतं, तेव्हा मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच कच्चे खावेत.

कच्चं खायचंय, हे लक्षात ठेवून

ताजं शेण या कुंड्यांत अजिबात नको, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखतच घाला. पाणी बुंध्याशी द्या, पानांवर नाही. मावा दिसला तर पाण्याची जोरदार धार आधी, निंबोळी अर्क नंतर, आणि तो फवारल्यावर आठवडाभर खुडू नका.

सहा कुंड्या असतील तर मी अशी वाटणी करेन: ऑक्टोबर ते फेब्रुवारी तीन कुंड्या सुट्ट्या पानांच्या लेट्यूसला, एक रॉकेटला, एक करडईला, एक चुक्याला. मार्चमध्ये लेट्यूसच्या तिन्ही कुंड्या रिकाम्या करून, मूठ-मूठ गांडूळखत मिसळून त्यांत घोळ. हालिवाचा डबा स्वयंपाकघरातल्या खिडकीत, त्याला कुंडी लागत नाही. दोनच कुंड्या असतील तर एकीत लेट्यूस आणि दुसरीत घोळ. घोळाची काडी लेट्यूस पेरतानाच खोचून ठेवली तरी चालते, थंडीत तो हळू वाढतो एवढंच.