‘विनाऑपरेशन’ गुडघ्याचं ऐंशी हजारांचं पॅकेज

भाचा पेठेतल्या संघाकडून फुटबॉल खेळतो. शाहू स्टेडियमवर वळताना पाय रुतला, गुडघ्यात खट्टकन वाजलं आणि थोड्याच वेळात गुडघा टम्म सुजला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याची हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं आणि मेनिस्कसची, म्हणजे दोन हाडांमधली, गादी कडेला फाटलेली निघाली. इथल्या डॉक्टरांनी दुर्बिणीची शस्त्रक्रिया सांगितली आणि मैदानात उतरायला नऊ महिने तरी लागतील म्हणाले. कोल्हापुरात पोराचा हंगाम बुडणं म्हणजे घरात सुतकच. त्यात ‘विनाऑपरेशन गुडघा बरा’ हा फलक दिसला.

हॉटेलच्या हॉलमध्ये शिबिर होतं. बाहेरगावचे ‘गुडघातज्ज्ञ’ आलेले. एमआरआयची फिल्म त्यांनी पाकिटातून धड बाहेरही काढली नाही. ‘स्टेम सेलची, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशींची, तीन इंजेक्शनं. लिगामेंट जुळणार, कूर्चा नवीन येणार,’ म्हणाले आणि बरे झालेल्यांचे आधीचे-नंतरचे एक्स-रे मोबाईलवर दाखवले. एक्स-रेत लिगामेंट दिसतच नाही, हे तिथं बसलेल्या कुणाला माहीत असणार? आजच पैसे भरले तर ऐंशी हजार, उद्या सव्वा लाख. ताईनं पाटल्या गहाण ठेवल्या.

दंडातून रक्त घेतलं, छोट्या यंत्रात गरगर फिरवलं आणि वरचा पिवळसर द्रव गुडघ्यात टोचला. याला पीआरपी म्हणतात, म्हणजे रक्तातलाच प्लेटलेट जास्त असलेला द्रव. गुडघ्यासाठी स्टेम सेल घ्यायच्या तर सहसा कमरेच्या हाडातला मगज नाहीतर पोटाची चरबी काढतात. म्हणजे जे विकलं, ते दिलंच नाही. आणि दिलं असतं तरी काय? तुटलेल्या एसीएलवर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) २०१७ च्या सूचनांप्रमाणे असले उपचार फक्त नोंदणीकृत क्लिनिकल ट्रायलमध्ये करता येतात, तेही रुग्णाकडून पैसे न घेता. पावतीवर मात्र ‘तपासणी व औषधे’ एवढंच.

पैशापेक्षा जास्त राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. ‘आता पळ, काही होत नाही,’ असं सांगितल्यामुळं पोरगा निसटत्या गुडघ्यानं सराव करत राहिला. ‘मामा, जिना उतरताना बी गुडघा सटकालाय,’ म्हणाला तेव्हा पुन्हा एमआरआय केला. मेनिस्कसच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथं टाके धरतात. आतल्या भागाला तो नसतो. फाट आता आतपर्यंत गेली होती. टाक्यांनी वाचली असती त्या गादीचा तुकडा कापून काढावा लागला. मांडीमागच्या स्नायूची कंडरा घेऊन एसीएल नवं केलं. आता फिजिओथेरपी चालू आहे.

ऑपरेशन सगळ्यांनाच लागतं असंही नाही. गुडघा निसटत नसेल आणि खेळायचं नसेल तर व्यायामावरही अनेकांचं भागतं. पण हे गुडघा हातानं तपासून ठरतं.

शिबिराचा नंबर आता लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतोय. दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तुमच्याकडं अशीच ‘तपासणी व औषधे’ लिहिलेली पावती असेल तर फलकाचा फोटो आणि पैसे भरल्याचे मेसेजही जपून ठेवा. आमच्या वकिलांनी पहिल्यांदा तेच मागितले.