मारुती ८०० च्या स्टेअरिंगच्या नावाखाली ११,५०० ला गंडवलं, सीमाभागातल्यांनी सावध राहा

रक्कम आधी सांगतो. स्टेअरिंग व्हील ३,२००, ‘नवीन’ रॅक (व्हील फिरवलं की पुढची चाकं वळवणारा दांडा) ६,८००, मजुरी १,५००. एकूण ११,५०० रुपये. पाच हजार फोनवरून अ‍ॅडव्हान्स, बाकीचे रोख. बिल मागितलं तर गॅरेजवाला म्हणाला, “जीएसटी वर पडंल की पावणं!” बिलाशिवाय रोख देऊ नका. कुणालाही.

गाडी वडिलांची, २००३ ची, केए-२३ पासिंग. आरसी रिन्यूला न्यायची होती. स्टेअरिंगला प्ले (ढिलेपणा) आलेला, व्हील तडकलेलं. निपाणीत जुन्या गाडीचं काम कुणी लवकर हातात घेईना, म्हणून कोगनोळीची सीमा ओलांडून महाराष्ट्रात, कागलच्या बाजूच्या एका गॅरेजला टाकली. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. आधी ‘एवढंच काम’, आणि गाडी खोलली की यादी वाढत जाते.

डोक्यातून एकच गोष्ट जात नाही. गाडी ताब्यात घेताना चाकं सरळ होती आणि स्टेअरिंग तिरकं. मी विचारलं. “अलाइनमेंट केलं की सरळ हुतंय, कंपनी माल हाय, काळजी करू नगासा.” तिथंच चावी परत टाकायला हवी होती! व्हील काढताना शाफ्टवर (व्हील बसतं त्या दांड्यावर) आणि हबवर (व्हीलच्या मधल्या भागावर) खूण मारली असती तर व्हील तिरकं बसलंच नसतं. आतून हातोड्याचे ठोकेही ऐकू येत होते. व्हील पुलरने (ओढून काढायच्या अवजाराने) काढतात, ठोकून नाही, हे आता कळतंय. माझा दिवस तंबाखूच्या वखारीत जातो, मला हे कुठून माहीत असणार? गिऱ्हाइकानेच सगळं शिकून यायचं तर मिस्त्रीला पैसे कशाचे?

तवंदी घाटात वळणावर व्हील नुसतंच हातात फिरलं, गाडी सरळच चालली. मागे बायको आणि मुलगी. वेग कमी होता म्हणून ब्रेकवर थांबली.

निपाणीच्या मिस्त्रीने हॉर्नचं पॅड काढलं, तर मधला नट बोटाने फिरत होता. हबचे दाते झिजून गुळगुळीत, आणि व्हील घट्ट वाटावं म्हणून मधे पत्र्याची पट्टी दुमडून कोंबलेली. रॅक तर बदललाच नव्हता. जुन्यालाच काळा रंग मारून नवे रबर चढवलेले. नखाने खरवडलं की खाली गंज. काढलेला पार्ट समोर मागून घ्या. माझं मूळ व्हील म्हणे ‘भंगारात गेलं’.

पोलिसांचं काय सांगू? इकडचे म्हणतात गॅरेज महाराष्ट्रात, तिकडे जा. तिकडचे म्हणतात गाडी कर्नाटकची, राहता कर्नाटकात, आणि हा दिवाणी मामला. १९३० वर, सायबर हेल्पलाइनला, फोन केला तर म्हणे हा सायबर गुन्हा नाही. नव्या बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते. मी कलम दाखवलं, तर साहेब कन्नडमध्ये दुसऱ्याशी बोलत उठून गेले. निवडणुकीत सीमाभाग सगळ्यांना आठवतो, तक्रार घेऊन गेलं की आम्ही कुणाचेच नाही. माणूस घाटात मेल्यावर तरी हद्द ठरणार आहे का?

शेवटी १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला, नोंद केली. २०१९ च्या ग्राहक कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. म्हणजे कागल-कोल्हापूरला हेलपाटे नकोत. बेळगावच्या जिल्हा आयोगात अर्ज दिलाय, वकील लावलेला नाही. पत्र्याची पट्टी, झिजलेलं हब आणि पाच हजारांची फोनवरची नोंद जपून ठेवली आहे. त्याच भागात कुणाच्या गाडीचं असंच झालं असेल तर आधी फोटो काढा, मगच पार्ट खोलायला द्या.