नवीन पळणाऱ्यांसाठी रनिंग ग्रुप, विद्यापीठ परिसर

१० किमी कसंबसं जमत होतं, आता हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.१ करायचीय म्हणून विद्यापीठात पळणारा एक ग्रुप जॉइन केला. सगळ्यात भारी म्हणजे पेसर लोक, म्हणजे ठरावीक वेगानं सोबत पळून ग्रुपचा स्पीड सांभाळणारे, मागे पडलेल्याला सोडून जात नाहीत, आणि "गप्पा मारता येतील एवढ्याच स्पीडनं पळा" हे इतक्यांदा ऐकवतात की वैताग येतो, पण दम पुरतो हे खरंय. रविवारच्या लाँग रनचं अंतर हळूहळूच वाढवतात, मधेच एखादा आठवडा मुद्दाम कमी. पुण्यातल्या तळजाई टेकडीवर चढाचा सराव असतो, गुडघे दुखणाऱ्यांनी आधी सांगून ठेवा. स्ट्रेचिंग मात्र घाईत उरकतात राव, आणि फी जरा जास्तच. नंतरचे पोहे-चहा त्यात धरलेले नाहीत बरं का!