एफसी पुणे सिटी: संघ चांगला, पाया कच्चा

मैदानावरच्या खेळाला भरपूर गुण. इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या २०१७-१८ च्या मोसमात मार्सेलिन्हो आणि अल्फारो या जोडीने संघ चौथ्या क्रमांकावर नेला. उपांत्य फेरीत बंगळुरूला पुण्यात ०-० असं रोखलं, पण परतीच्या सामन्यात छेत्रीच्या हॅटट्रिकपुढे ३-१ अशी हार झाली.

मालकांच्या कारभाराला मात्र शून्य! पैशांची चणचण वाढत गेली, २०१९ मध्ये क्लब बंद पडला आणि लीगमधली जागा नव्या मालकांसोबत थेट हैदराबादला गेली. त्याआधी शहरातल्याच पुणे एफसी या दुसऱ्या क्लबच्या मालकांनीही हात काढून घेतला होताच. त्यामुळे चाहत्यांची मागणी रास्त आहे: नवा मालक आला तर आधी अकादमी आणि पगाराची हमी, परदेशी खेळाडू नंतर. शिवाय सामना संपल्यावर बालेवाडीच्या स्टेडियमहून पेठांकडे यायला बस हवीच.